लुडबूड, ढवळाढवळ, घुसखोरी, अतिक्रमण : नको तिथे शिरणाऱ्यासाठी नेमका शब्द कसा निवडावा

दोघांचं भांडण चालू आहे आणि तिसरा येऊन बोलायला लागतो. त्याला दोघांनी बोलावलं असेल तर ती मध्यस्थी. बोलावलं नाही, पण त्याचा अधिकार मान्य आहे, तर हस्तक्षेप. अधिकार आहे, पण त्याने होतं तेही बिघडवलं, तर ढवळाढवळ. अधिकारही नाही आणि उपयोगही नाही, तर लुडबूड. माणूस तोच, त्याची वाक्यंही तीच. बदलला तो आपला निवाडा.

म्हणूनच या शब्दांसाठी कोशात नुसता अर्थ पाहून काम भागत नाही. जवळपास प्रत्येकापुढे ‘विनाकारण मध्ये पडणे’ अशाच धाटणीचं काहीतरी सापडतं आणि आपण हाताला लागेल तो शब्द उचलतो. मग सरकारी पत्रात ‘लुडबूड’ येते, सासूबाईंच्या चौकशीला ‘हस्तक्षेप’ म्हटलं जातं आणि दोन्ही वाक्यं विनोदी होतात. भाषांतर आणि संपादन करताना मी या गोंधळात बऱ्याचदा सापडलो आहे. त्यातून सुटण्यासाठी मी स्वतःला जे प्रश्न विचारतो, ते ज्या क्रमाने विचारतो त्याच क्रमाने मांडतो.

पहिला प्रश्न : ओलांडलेली हद्द कशाची?

हद्द जमिनीची असेल तर अतिक्रमण आणि घुसखोरी हे शब्द समोर येतात. कामाची किंवा कारभाराची असेल तर हस्तक्षेप, ढवळाढवळ, लुडबूड. दोघांच्या बोलण्याची असेल तर मध्ये तोंड घालणे, नाक खुपसणे. कोणाच्या खासगी गोष्टींची असेल तर भोचकपणा, नसत्या चौकशा. आणि वेळेची असेल, म्हणजे माणूस नको त्या क्षणी येऊन उभा राहिला असेल, तर मराठीकडे खास क्रियापदंच आहेत. त्यांच्याकडे पुढे येतो.

ही वाटणी काटेकोर नाही. ‘खासगी आयुष्यावर अतिक्रमण’ असं आपण सर्रास लिहितो, तिथे जमीन कुठे असते? पण तिथेही शब्द काम करतो तो जमिनीच्याच प्रतिमेमुळे. खासगी आयुष्य म्हणजे कुंपण घातलेली जागा आणि कुणीतरी ते कुंपण आत सरकवत आणलं आहे, असं चित्र त्यामागे असतं. ‘खासगी आयुष्यात लुडबूड’ म्हटलं की कुंपण नाहीसं होतं आणि पायात पायात येणारा माणूस दिसायला लागतो. ज्या चित्राची गरज आहे त्याचा शब्द घ्यावा.

दुसरा प्रश्न : नुसता शिरला, की शिरून राहिला?

घुसखोरी आणि अतिक्रमण यांची सरमिसळ सगळ्यात जास्त होते, म्हणून इथे जरा थांबू.

‘अतिक्रमण’ हा संस्कृत शब्द. अति म्हणजे पलीकडे आणि क्रम् म्हणजे पाऊल टाकणे. मर्यादेपलीकडे टाकलेलं पाऊल, एवढाच मूळ अर्थ. ‘आक्रमण’ही त्याच धातूचं, पण त्यात चाल करून जाणं आहे, जोर आहे. मराठीत अतिक्रमणाला एक जादा छटा चिकटली : पाऊल टाकलं आणि मागे घेतलं नाही. शेताचा बांध दर वर्षी वीतभर सरकवणारा अतिक्रमण करतो. रात्री शेतात शिरून कणसं तोडून पळणारा अतिक्रमण करत नाही, तो चोरी करतो. अतिक्रमण हळूहळू होतं, दिवसाउजेडी होतं आणि कालांतराने ‘हे आधीपासून असंच आहे’ असं म्हणायला लागतं. सरकारी मराठीत तर ‘अतिक्रमणधारक’ असा शब्द आहे. जणू ती एखादी पदवीच आहे आणि तिचा कुणी मानकरी आहे.

‘घुसखोरी’ची बांधणी वेगळी. घुसणे हे आपलं क्रियापद आणि ‘खोर’ हा फारसीतून आलेला प्रत्यय, मूळ अर्थ खाणारा. लाचखोर, चुगलखोर, हरामखोर, भांडखोर या सगळ्या मंडळींच्या पंगतीत घुसखोर बसला आहे आणि संगतीचा परिणाम शब्दावरही होतो. घुसखोर म्हणजे नुसता आत आलेला नाही, आत शिरणं ही त्याची खोड किंवा त्याचा डाव आहे. शिवाय तो लपून येतो. रांगेत सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पुढे उभा राहणाऱ्यालाही आपण चिडून घुसखोर म्हणतो, पण ती चिडेची अतिशयोक्ती झाली. सीमेवरची घुसखोरी, संगणकाच्या जाळ्यातली घुसखोरी, या ठिकाणी शब्द नेमका बसतो, कारण तिथे लपणं हा त्या कृत्याचाच भाग असतो.

त्यामुळे माणसाला घुसखोर म्हणताना जपून. कागदपत्रांशिवाय एखाद्या देशात राहणाऱ्याला ‘बेकायदा राहणारा’ म्हटलं तर ते त्याच्या कागदपत्रांबद्दलचं विधान झालं. ‘घुसखोर’ म्हटलं की ते त्याच्या हेतूबद्दलचं विधान होतं आणि हेतू आपल्याला ठाऊक असतोच असं नाही.

कायद्याची भाषा या बाबतीत आपल्यापेक्षा शिस्तीची आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या कलम ४४१ मध्ये दुसऱ्याच्या ताब्यातल्या जागेत शिरणं एवढ्याने गुन्हा होत नव्हता. शिरण्यामागे गुन्हा करण्याचा, किंवा ताबा असलेल्या माणसाला धाक दाखवण्याचा, त्याचा अपमान करण्याचा वा त्याला त्रास देण्याचा हेतू लागायचा. आणि रीतसर आत आलेला माणूस असाच हेतू धरून बेकायदा तिथेच थांबला, तर तेही त्यातच मोडायचं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हा विषय कलम ३२९ मध्ये आहे. हे सगळं कायद्याच्या मराठीत ‘अतिक्रमण’ या शब्दाखालीच येतं, घरात शिरल्यास ‘गृहअतिक्रमण’. तेव्हा पोलिसांच्या कागदावर ‘अतिक्रमण’ वाचून लगेच बांध सरकवल्याचं चित्र डोळ्यांपुढे आणू नका.

या दोघांच्या मधे ‘शिरकाव’ आहे, आणि तो निरुपद्रवी शब्द आहे. रोगाचा शिरकाव होतो, पाण्याचा होतो, नव्या कंपनीचा बाजारपेठेत होतो. शिरकावाला दोष चिकटलेला नाही, म्हणून बातमी लिहिताना बाजू घ्यायची नसेल तेव्हा तो फार उपयोगी पडतो. ‘चंचुप्रवेश’ त्याचाच धूर्त भाऊ. चंचू म्हणजे चोच. आधी चोच शिरते आणि मागोमाग मुसळ शिरतं, असं एक जुनं संस्कृत म्हणणं आहे. त्यामुळे चंचुप्रवेश म्हटलं की पुढे मोठं काहीतरी येणार ही शंका आलीच. ‘बोट दिलं की मनगट धरतो’ ही त्याचीच घरगुती आवृत्ती. ‘भटाला दिली ओसरी’ ही म्हणही याच अर्थाची, पण ती एका जातीला टोमणा मारते. बोट आणि मनगट असताना तिची मला कधी गरज पडलेली नाही.

तिसरा प्रश्न : शिरणारा मोठा की छोटा?

हा प्रश्न कोशात सापडत नाही, पण बोलताना आपण सगळे तो नकळत सोडवतो.

लुडबूड करणारा नेहमी छोटा असतो. वयाने, अधिकाराने, निदान बोलणाऱ्याच्या मनात तरी. स्वयंपाक चालू असताना ओट्याशी घुटमळणारं पोर लुडबूड करतं. मोठ्या माणसाला ‘लुडबूड करू नका’ म्हणणं म्हणजे त्याला त्या पोराच्या जागी उभं करणं. शब्दातली खरी नांगी ती आहे. लुडबुडीने फार नुकसान होत नाही, नुसती अडचण होते.

ढवळाढवळ करणाऱ्याच्या हातात मात्र पळी असते. पळापळ, ढकलाढकल, खेचाखेच यांसारखीच याही शब्दाची घडण : क्रिया दोनदा आली की तिच्यात गोंधळ येतो. तळाशी बसलेला गाळ वर आणण्याइतकी ताकद ज्याच्याकडे आहे, तोच ढवळाढवळ करू शकतो. म्हणून मंत्री खात्यात ढवळाढवळ करतो, मालक संपादकाच्या कामात करतो, सासरचे संसारात करतात. शिपाई खात्यात ढवळाढवळ करतो असं वाक्य ऐकलं तर पहिला विचार येतो तो असा, की या शिपायाच्या पाठीशी कोण आहे?

‘हस्तक्षेप’ हा यातला कोट-टाय घातलेला शब्द. हस्त आणि क्षेप, मध्ये हात टाकणे. तो निंदा करत नाही, नोंद करतो. भारत आणि चीन यांच्यात २९ एप्रिल १९५४ रोजी झालेल्या करारात जी पंचशील तत्त्वं आली, त्यांपैकी एक म्हणजे एकमेकांच्या अंतर्गत कारभारात हस्तक्षेप न करणं. तिथे ‘लुडबूड न करणं’ घालून वाचा, म्हणजे शब्दांचं वजन कळेल. हस्तक्षेप चांगलाही असतो : न्यायालयात चालू खटल्यात आपलंही म्हणणं ऐकावं म्हणून हस्तक्षेप अर्ज करता येतो, आणि ‘न्यायालयाच्या हस्तक्षेपामुळे काम थांबलं’ हे वाक्य काहींना आनंदाचंही असतं. ढवळाढवळीला असा चांगला दिवस कधी येत नाही.

क्षेपाची एक शाखा जुन्या पोथ्यांत गेली आहे. मूळ ग्रंथात नंतर कुणीतरी घुसडलेल्या ओळींना ‘प्रक्षिप्त’ म्हणतात. लेखणीने केलेली घुसखोरीच ती, पण विद्वानांनी तिला किती सभ्य नाव दिलं आहे पाहा. आपल्या लेखात कुणी न विचारता वाक्यं घातली असतील आणि भांडण टाळायचं असेल, तर ‘हा भाग प्रक्षिप्त दिसतो’ म्हणून पाहावं.

उरलेली मंडळी झटपट. भोचक माणूस विचारतो. चोंबडा माणूस न विचारता सांगतो, आणि बहुधा इकडचं तिकडे. आगाऊ माणूस आपल्या वयाच्या किंवा जागेच्या पुढे बोलतो (‘आगाऊ रक्कम’मध्येही तोच ‘पुढे’ आहे, फक्त तिथे कुणी रागावत नाही). उपटसुंभ म्हणजे ज्याचा विषयाशी काही संबंध नसताना कुठूनसा उगवलेला, आणि हा शब्द जवळजवळ नेहमी ‘कोण हा उपटसुंभ?’ असा प्रश्न होऊनच येतो. ‘उठाठेव’ म्हणजे नुसतं उचलणं आणि ठेवणं, पण आपण तिच्या आधी ‘नसती’ लावतो आणि ती परक्याच्या वस्तूंची होते. जरा पंडिती ढंग हवा असेल तर ‘अव्यापारेषु व्यापार’ आहे. पंचतंत्रात अर्धवट चिरलेल्या लाकडातली पाचर उपटायला गेलेल्या माकडाची गोष्ट आहे, तिथला हा शब्दप्रयोग. माकड त्यात मरतं. लुडबुडीला इतकी कडक शिक्षा मराठी म्हणी सहसा देत नाहीत.

चौथा प्रश्न : आक्षेप येण्याला आहे, की येण्याच्या वेळेला?

नको त्या वेळी आलेल्या माणसासाठी मराठीकडे जी क्रियापदं आहेत, ती लिहिताना आपण उगीच विसरतो. ‘आत्ताच कडमडायचं होतं याला?’ ‘कुठून तडमडला देव जाणे.’ ‘आम्ही निघणार तेवढ्यात हे टपकले.’ कडमडणे आणि तडमडणे यांत आलेल्या माणसाबद्दल एक वैताग आहे, टपकण्यात निम्मा विनोद. ‘दत्त म्हणून उभा राहिला’ यात कधी कौतुकही असतं, सुरावरून ठरतं. कथेत पात्राच्या तोंडी ‘तो अवेळी आला’ असं घालण्यापेक्षा यातलं एक घाला, पात्र लगेच जिवंत होतं.

विशेषण हवं असेल तर ‘अनाहूत’. न बोलावलेला, एवढाच त्याचा अर्थ. ‘आहूत’ म्हणजे बोलावलेला, आणि ‘आव्हान’ याच कुळातलं आहे, ‘आवाहन’ नव्हे. अनाहूत पाहुणा, अनाहूत सल्ला, दोन्ही चालतात. फक्त त्याला ‘अनाहत’ लिहू नका. अनाहत म्हणजे आघात न होता उमटलेला, अनाहत नादातला. ‘त्यांनी मला अनाहत सल्ला दिला’ हे वाक्य मी छापील मजकुरात पाहिलं आहे आणि त्या सल्ल्याचा नाद माझ्या कानांत अजून आहे.

‘आगंतुक’ची गोष्ट जरा निराळी. मूळ संस्कृतात तो नुसता ‘आलेला’ आहे. आयुर्वेदात चरकसंहिता रोगांचे निज, आगंतु आणि मानस असे तीन प्रकार करते. त्यातला आगंतु म्हणजे बाहेरच्या कारणाने, घाव वगैरे लागून झालेला. मराठीत मात्र आगंतुक म्हणजे आगापीछा नसलेला, न बोलावता आलेला, असा रंग चढला. मला हा शब्द एका ठिकाणी विशेष योग्य वाटतो. मंत्रचळासारख्या आजारात नको असलेले विचार पुन्हा पुन्हा मनात येतात. मानसशास्त्रावरच्या मराठी लेखनात त्यांना ‘घुसखोर विचार’ म्हटलेलं आढळतं. घुसखोर म्हटलं की त्याला हाकलणं आलं, आणि असे विचार दाबायला गेलं की ते जास्तच येतात. आगंतुक म्हटलं तर तो आला आहे आणि जाईलही, एवढंच सुचवलं जातं. आजारी माणसासाठी लिहिताना हा फरक मोठा आहे.

हिंदीच्या वाटेवरचे तीन खड्डे

‘दखल’ पहिला. मूळ अरबी शब्द, अर्थ आत शिरणे. ‘दाखल’ आणि ‘दाखला’ त्याच मुळाचे. हिंदीत ‘दखल देना’ म्हणजे ढवळाढवळ करणं. मराठीत ‘दखल घेणे’ म्हणजे लक्ष घालणं, नोंद घेणं, आणि ती आपण मागून घेतो : ‘प्रशासनाने दखल घ्यावी.’ दखलपात्र गुन्ह्यात पोलीस न्यायालयाच्या आदेशाची वाट न पाहता तपास सुरू करू शकतात, अदखलपात्र गुन्ह्यात तसं करता येत नाही. म्हणजे एकच शब्द एका भाषेत तक्रार झाला आणि शेजारच्या भाषेत विनंती. ‘माझ्या कामात दखल देऊ नका’ हे मराठी नव्हे. ‘माझ्या कामात ढवळाढवळ करू नका’ म्हणा, किंवा नुसतं ‘मध्ये पडू नका’.

दुसरा खड्डा घुसखोरीचा. हिंदीत ‘घूस’ म्हणजे लाच, त्यामुळे तिकडचा ‘घूसखोर’ हा आपला लाचखोर. आपल्या घुसखोरीला ते ‘घुसपैठ’ म्हणतात. हिंदी बातमीचं घाईत मराठी करताना या जोडीने भल्याभल्यांना फसवलं आहे. तिसरा खड्डा पुन्हा आगंतुकाचा : हिंदीत तो साधा भेटायला आलेला माणूस असू शकतो, मराठीत त्याला तसं म्हटलं तर तो रुसेल.

वाक्यात बसवताना

अतिक्रमण ‘वर’ होतं : जागेवर, हक्कांवर. हस्तक्षेप, ढवळाढवळ, लुडबूड आणि घुसखोरी ‘त’ किंवा ‘मध्ये’ होते : कामात, कारभारात, हद्दीमध्ये. हस्तक्षेप, शिरकाव, चंचुप्रवेश पुल्लिंगी. लुडबूड, ढवळाढवळ, घुसखोरी, उठाठेव स्त्रीलिंगी. अतिक्रमण नपुंसकलिंगी, म्हणून ‘अतिक्रमण काढलं’, ‘अतिक्रमण काढली’ नव्हे.

लेखनात ‘लुडबूड’चा ‘बू’ दीर्घ, कारण मराठी अकारान्त शब्दाच्या शेवटून दुसऱ्या अक्षरातला उकार दीर्घ लिहायचा असतो, ‘फूल’ आणि ‘मूल’सारखा. प्रत्यय लागला की तो ऱ्हस्व होतो : लुडबुडीचा, लुडबुडीमुळे. क्रियापदातही ऱ्हस्व : लुडबुडणे.

तोंडावर सांगायची वेळ आली तर

यातला जवळजवळ कोणताही शब्द समोरच्याच्या तोंडावर वापरला की भांडण होतं. हे शब्द माणसाच्या पाठीमागे किंवा कागदावर वापरायचे आहेत. समोर असताना नाम टाळून क्रिया सांगावी. लहान भावाला ‘मध्ये मध्ये करू नकोस रे’ चालतं, त्यात प्रेम असतं. काकांना किंवा मामींना ‘तुम्ही नका त्रास घेऊ, आम्ही बघतो’ म्हणावं. ‘आम्ही बघतो’ या दोन शब्दांत हद्द आखलेली असते आणि ‘त्रास’ या शब्दात त्यांचा मान राहतो. बरोबरीच्या सहकाऱ्याला ‘हे माझं मला करू दे’ एवढं पुरतं. वरिष्ठ असतील तर ‘एकदा माझ्याकडून पूर्ण होऊ द्या, मग दाखवतो’.

आणि आपणच मध्ये पडत असू तर आधी कबूल करावं. ‘लहान तोंडी मोठा घास घेतो’, ‘आगाऊपणा वाटेल, पण’, ‘विचारलं नाहीत तरी सांगतो’ अशी सुरुवात केली की समोरच्याला आपल्यासाठी शब्द शोधावा लागत नाही. दर वेळी हीच सुरुवात करणाऱ्यासाठी मात्र शब्द आधीच तयार असतो.

तक्रार लिहिताना

कागदी तक्रारीत उलट करावं : विशेषणं काढून तारीख, जागा आणि कृती लिहावी. एका ओळखीच्या माणसाने मला दाखवलेल्या मसुद्यात असं होतं : ‘शेजारी सतत घुसखोरी करून आमच्या आयुष्यात ढवळाढवळ करतात.’ वाचणाऱ्या अधिकाऱ्याला यातून काय कळणार? कुंपण सरकलं, की कुणी घरात शिरलं, की नुसत्या चौकशा होतात? विचारल्यावर कळलं की शेजाऱ्यांनी मोजणीच्या खुणेच्या आत, यांच्या बाजूला, कुंपणाचे चार खांब रोवले होते आणि हटकल्यावरही काढले नव्हते. म्हणजे लपून काही नव्हतं, आयुष्याशीही संबंध नव्हता. आम्ही लिहिलं : ‘आमच्या जागेत मोजणीच्या खुणेच्या आत परवानगीशिवाय चार खांब रोवून जागेवर अतिक्रमण केले आहे. तोंडी सांगूनही ते काढलेले नाहीत.’ त्याखाली तारीख घातली आणि फोटो जोडला. ‘ढवळाढवळ’ काढताना त्यांना वाईट वाटत होतं, म्हणून तो शब्द बायकोशी बोलताना वापरायला मोकळा ठेवला.